चाळीस हजारांत एक

नवजात अर्भकांच्या कक्षातले पाचवे बाळ तापाने फणफणले, त्या सकाळी डॉ. इक्बाल मुजावर यांनी मला कक्षात न बोलावता रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात बोलावले. कक्ष त्यांच्या ताब्यात होता, जिल्ह्याची सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा माझ्या.

"मॅडम, तुमचं यंत्र काय म्हणतंय ते मी तीनदा वाचलं," ते म्हणाले. "एक तर ते बिघडलंय, नाही तर मला चष्मा बदलायला हवा."

"काय वाचलंत?"

"मोरी. व्हेंटिलेटर नाही, सलाईन नाही, नर्सांचे हात नाहीत. ही मोरी."

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ओढून दूध पिता येत नाही. त्यांना आईचे दूध बोंडल्याने पाजतात, आणि ती बोंडली या मोरीत धुतली जात. पाचांपैकी एक बाळ आदल्या दिवशी दगावले होते. उरलेल्या चौघांच्या रक्तात एकच जिवाणू होता, आणि सेराडॉक्सिनला तो दाद देत नव्हता.

सेराडॉक्सिन हे आमच्याकडचे शेवटच्या फळीतले औषध. ते निकामी होऊ नये म्हणून २०३९ सालापासून त्याला कायद्याचे कुंपण घातलेले आहे. ते फक्त माणसांना द्यायचे, फक्त ठरलेल्या रुग्णालयांत द्यायचे. प्रत्येक बाटलीला क्रमांक आणि सील असते, आणि न वापरलेली बाटली जाळण्यासाठी परत करावी लागते. चार वर्षे हे कुंपण टिकले होते, निदान आम्ही तसे समजत होतो.

यंत्राचे नाव 'मागोवा'. ते माझ्या प्रयोगशाळेने तयार केले आहे, त्यामुळे त्याच्यावर सर्वांत कमी विश्वास माझाच आहे. जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत एक पडदा, आणि पडद्याला अब्जांश मीटरची छिद्रे. जिवाणूच्या डीएनएचा धागा छिद्रातून सरकतो तेव्हा विजेचा प्रवाह अक्षराअक्षराला बदलतो, आणि तो बदल वाचता येतो. जुन्या पद्धतीत बशीत कोट्यवधी जिवाणू वाढवून त्या सगळ्यांना मिळून एकच प्रश्न विचारला जाई: औषधाने मरता की नाही? मागोवा प्रत्येकाला वेगळे विचारतो.

त्याचा दुसरा उपयोग घड्याळाचा आहे. जिवाणू दुभंगताना आपल्या अक्षरांची नक्कल करतो आणि क्वचित चुकतो. ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. या जातीत अशा चुका वर्षाला सरासरी दहा. दोन नमुन्यांत किती चुका वेगळ्या आहेत हे मोजले की त्यांचा समान पूर्वज केव्हा होता ते सांगता येते. हे घड्याळ फार चांगले नाही. थोड्या जिवाणूंवरून त्यात वर्षाचीही चूक पडते. लाखो वाचले तर ती महिना-दोन महिन्यांवर येते.

मोरीच्या कट्ट्यावर वीस लिटरचा स्टीलचा कॅन होता. त्यातले दूध उकळूनच बाळंतिणींना दिले जाई, म्हणून त्यावर कोणी संशय घेतला नव्हता, आणि ते बरोबरच होते. उकळलेल्या दुधात काही नव्हते. कॅनच्या बुडाला मात्र वाळलेल्या शेणाची बारीक कड होती. मी कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतला. चाळीस मिनिटांनी उत्तर आले: तोच जिवाणू, प्रतिकाराचे तेच जनुक.

कॅनवर कोरले होते, 'कै. नेमगोंडा मगदूम यांच्या स्मरणार्थ.' हे माझे वडील. आठ महिन्यांपूर्वी ते याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. त्यानंतर महिन्याभराने माझ्या धाकट्या भावाने, सुकुमारने, रोज हा कॅन दान म्हणून पाठवायला सुरुवात केली होती. रुग्णालयाची परवानगी मीच मिळवून दिली होती.

"तुमच्या घरचा आहे," मुजावर म्हणाले.

"हो."

"नमुने घ्यायला दुसऱ्या कोणाला पाठवू?"

"नको. गोठा मला माहीत आहे."

"म्हणूनच विचारतोय." त्यांनी मोरीचा नळ घट्ट बंद केला. "मोरी आत्ता सील करतो, दूधही बंद. अहवाल उद्या दुपारी बारापर्यंत जायला हवा. उगम कुठला, आणि केव्हाचा. 'केव्हाचा' हे विसरू नका. वरचे लोक त्या तारखेवरून शोध कुठे घ्यायचा ते ठरवतात."

---

तमदलवाडीचा आमचा गोठा नदीपासून अर्ध्या कोसावर आहे. शेहेचाळीस गाई आहेत. सुकुमार वासरांच्या कप्प्यात उभा होता.

"अक्का, आज वाट कशी चुकलीस?" तो म्हणाला. "आणि हातमोजे घालून? आमच्या गाई चावत नाहीत, विचार त्यांना."

मी कारण सांगितले. बाळांचे सांगितले. त्याचा चेहरा उतरला, आणि त्याने बाजूला होऊन मला काम करू दिले. गाईंच्या शेणात जिवाणू तुरळक होता. वासरांच्या शेणात तो इतका होता की मला नमुना पातळ करून पुन्हा वाचावा लागला.

"वासरांना काय पाजतोस?"

"दगडी झालेल्या गाईंचं दूध." दगडी म्हणजे कास सुजून दगडासारखी होते तो आजार. "औषध दिल्यावर पाच दिवस दूध विकायचं नाही, टाकून द्यायचं, असं तूच भिंतीवर लिहून दिलंयस. पण टाकायचं कुठं? जमिनीवर ओतलं की मुंग्या येतात आणि खुराखाली जातात. अप्पांनी कधी ओतू दिलं नाही. वासरांना घाला म्हणायचे. तेवढाच एका जिवाला आधार आणि दुसऱ्या जिवाची हत्या नाही."

आमच्या जैन घरात या बोलण्यात वावगे काही नाही. मी स्वतः लहानपणी मुंग्यांना वळसा घालून शाळेत गेले आहे. पण हिशोब असा होतो. औषध घेतलेल्या गाईच्या दुधात औषधाचा अंश उतरतो. वासराच्या आतड्यात तो रोज पोहोचतो. जिवाणूंना मारण्यास तो अपुरा असतो आणि त्यांच्यातून चिवट तेवढे निवडून काढण्यास पुरेसा. जीव वाचवण्यासाठी या गोठ्यात जी निवडयंत्रणा उभी राहिली होती, तिच्याइतकी कार्यक्षम यंत्रणा मला प्रयोगशाळेत मुद्दाम उभारता आली नसती.

"सुकुमार, हे सेराडॉक्सिनला पुरून उरणारं जनुक आहे. ते औषध गाईंच्या अंगात गेल्याशिवाय हे एवढं वाढत नाही. कोणी दिलं?"

तो बराच वेळ खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत राहिला. हात कोरडेच होते.

"अप्पांच्या उरलेल्या बाटल्या," तो म्हणाला. "अकरा होत्या. परत करायला तू माझ्याकडे दिल्यास. मी केल्या नाहीत. चंद्री गाय दगडीनं मरायला टेकली होती. तिला टोचल्या, मग आणखी दोघींना."

मला ती दुपार आठवली. अप्पांचे अंत्यसंस्कार व्हायचे होते. परतीच्या अर्जावर 'जमा केल्या' अशी सही मी आधीच करून दिली होती, कारण बाटल्या भाऊ नेणार होता.

"माझी चूक आहे, अक्का. जी शिक्षा असेल ती घेतो. तुझी सही आहे खाली, एवढंच वाईट वाटतं."

मी त्याच्यावर रागावले. रागावताना मला हेही जाणवत होते की त्याने निदान खरे सांगितले, आणि माझी सही नसती तर हे घडलेच नसते. परतीच्या वाटेवर मी अहवालातले एक वाक्य मनात तयार केले: 'बाटल्या परत गेल्याची खातरजमा न करता सही करण्याचा निष्काळजीपणा माझा आहे.' ते लिहिण्यात एक प्रकारचे समाधान होते. दोष वाटून घेतला की हलका होतो.

---

समाधान दुपारी साडेतीनपर्यंत टिकले.

वासरांच्या नमुन्यांतून मागोव्याने सव्वीस लाख जिवाणू वाचले. सगळ्या प्रतिकारक्षम जिवाणूंचा समान पूर्वज एकोणीस महिन्यांपूर्वीचा निघाला. अप्पांना जाऊन आठ महिने झाले होते. मी प्रथम यंत्रावर संशय घेतला आणि नवे पडदे घालून पुन्हा मोजले. साडेअठरा आले. तिसऱ्यांदा वीस. दीड-दोन महिन्यांची चूक मी मान्य केली असती. अकरा महिन्यांची चूक हे घड्याळ करत नाही.

यंत्र बरोबर असेल तर कबुली चूक होती. बाटल्या जाळण्याची नोंद राज्याच्या औषध विभागाकडे असते. मी अकरा क्रमांक कळवले आणि पंधरा मिनिटांत उत्तर मिळाले. अकराही बाटल्या अप्पांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी जमा झाल्या होत्या. सील शाबूत होते. आणणाऱ्याचे नाव सुकुमार मगदूम. सर्व जाळल्या.

केलेला गुन्हा नाकारणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. न केलेला गुन्हा कबूल करणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होते. असे माणूस का करील, याचे मला एकच उत्तर सुचले: औषध गोठ्यात आल्याची तारीख त्याला अप्पांच्या आजारपणानंतरची दाखवायची होती.

गंभीर रुग्णाचे पहिले रक्त, औषध सुरू होण्यापूर्वीचे, आम्ही उणे ऐंशी अंशांवर दहा वर्षे ठेवतो. अप्पांचे होते. मागोवा तेव्हा तयार नव्हता; त्या वेळच्या बशीतल्या चाचणीने त्यांचा जिवाणू सेराडॉक्सिनने मरतो असा निर्वाळा दिला होता. हे औषध कोणाला आणि किती द्यायचे ते जिल्ह्यात मीच ठरवते, म्हणून अप्पांनाही ते मीच सुरू केले. मूत्रपिंडे थकलेली होती, म्हणून मात्रा पूर्ण न देता पाऊण दिली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी पुन्हा चढला, चौथ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. त्या पाऊण मात्रेचे गणित मी आठ महिने जवळजवळ रोज मांडत आले होते.

मी ते रक्त वितळवले आणि मागोव्यात घातले.

चाळीस हजारांत एक. औषधाचा पहिला थेंब जाण्यापूर्वीच अप्पांच्या रक्तातल्या दर चाळीस हजार जिवाणूंमागे एक प्रतिकारक्षम होता, आणि त्याच्या अंगावर आमच्या गोठ्यातल्या वासरांची सगळी वंशचिन्हे होती. जुन्या चाचणीला चाळीस हजारांतला एक दिसत नाही. औषधाने उरलेले सगळे मारले आणि त्या एकाला रान मोकळे करून दिले. मी मात्रा पूर्ण दिली असती तरी हेच झाले असते.

हे कळल्यावर हायसे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही, कारण अप्पांच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे. दाखल करताना आम्ही प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना विचारतो तो प्रश्न: 'घरात, शेतात अथवा गोठ्यात गेल्या दोन वर्षांत कोणती प्रतिजैविके वापरली?' उत्तर: 'नेहमीची साधी औषधे.' उत्तर देणारा: मुलगा.

---

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सुकुमार प्रयोगशाळेत आला. मी बोलावले होते. मी बाटल्यांच्या नोंदीचा कागद त्याच्यासमोर ठेवला. तो त्याने वाचला आणि उलटा करून ठेवला.

"कुठून आणत होतास?"

"एक खाद्यवाला यायचा. पांढऱ्या पुड्या. दगडी दोन दिवसांत उतरायची. नाव-गाव काही नसायचं पुडीवर. एकदा त्याच्या गाडीत मोठं खोकं उघडं होतं, त्यावर वाचलं."

"केव्हा?"

"गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात."

"म्हणजे मी अप्पांच्या उशाशी त्या औषधाचं नाव घेतलं, तेव्हा तुला ते माहीत होतं."

"होतं."

"मी विचारलं होतं तुला. फॉर्म हातात घेऊन विचारलं होतं."

"विचारलंस." तो टेबलाकडे बघत होता. "गोठा सील झाला असता, अक्का. आणि तू म्हणालीस, रिपोर्ट चांगला आलाय, औषध लागू पडेल. मला वाटलं, लागू पडणारच आहे तर बोलून उगाच कशाला."

"आणि नंतर? त्यांचा महिना झाला त्या दिवशी मी तुझ्यासमोर बसून म्हणाले की मात्रा माझी चुकली, अप्पांना मी घालवलं. तू काय म्हणालास, आठवतं?"

त्याला आठवत होते. मीच सांगावे म्हणून तो थांबला. मी सांगितले नाही.

"'तू तुझ्या परीनं केलंस,' म्हणालो," तो म्हणाला.

त्याने दाखल करतानाच सांगितले असते तर अप्पा वाचले असते, असा दावा मी करणार नाही. मी दोन औषधे एकत्र दिली असती. अशा रुग्णांत निम्मे वाचतात. निम्मे हा आकडा मी वाढवून सांगत नाही आणि कमीही करत नाही.

"माझं ऐक," तो म्हणाला. "तारीख अप्पांच्या नंतरची टाक. बाटल्यांचंच लिही. कोण बघतंय ही नोंद? तुला ताकीद देतील फार तर. मी शिक्षा घेतो. पण अप्पांचं नाव यात आणू नकोस. आई रोज पहाटे स्वतः गाळून त्यांना दूध द्यायची. कळलं तर ती जगायची नाही."

आमच्यात दूध काढल्यापासून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत गाळून तापवायचे असते. त्यापुढे त्यात जीव उत्पन्न होतात असे मानतात. अप्पांनी याचा अर्थ आपल्या सोयीने लावला होता. तेवढ्या वेळात दूध तापवण्याऐवजी ते गोठ्याच्या ओट्यावरच धारोष्ण पिऊन टाकत. पेला आई नेऊन द्यायची.

"तो खाद्यवाला आणखी किती गोठ्यांना पुड्या देतो?" मी विचारले.

"आपल्या भागात तीसेक असतील."

"मी आठ महिने आणि अकरा बाटल्या असं लिहिलं, तर त्या तीस गोठ्यांकडे कोणी बघणार नाही."

"आईचं काय, ते सांग की."

"तिला मी आधी सांगते. माझ्या तोंडून कळेल. कागदावरून नाही."

तो उठला, पण गेला नाही. "अक्का, नको जाऊस," एवढेच म्हणाला. तेव्हा मला ती आईबद्दलची काळजी वाटली.

---

मी घरी पोहोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. आई अंगणात उन्हाला पाठ देऊन मसूर निवडत होती. अहवाल माझ्याकडे तयार होता. 'पहिला ज्ञात रुग्ण: नेमगोंडा मगदूम, वय ७८.' फक्त पाठवायचा राहिला होता, आणि तो मी तिच्यासाठी थांबवला होता.

सोपे करून सांगण्याची मला सवय नाही, तरी प्रयत्न केला. गोठ्यातले जिवाणू, पुड्या, वासरे. अप्पांच्या रक्तात ते औषधापूर्वीच होते. ते बहुधा दुधातून आले. त्यात तुझा दोष नाही, हे मी तीनदा म्हणाले असेन. ती मसूर निवडत राहिली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

मला वाटले, ती काहीतरी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलते आहे.

"सुकुमारनं सांगितलं तेव्हाच. दवाखान्यात, जिन्याखाली. ढसाढसा रडत होता पोर."

"तेव्हा म्हणजे केव्हा?"

"त्यांना ताप पुन्हा चढला त्या दिवशी."

"तिसऱ्या दिवशी."

"असेल."

"आई, तिसऱ्या दिवशी अप्पा जिवंत होते. मी दोन मजले वर होते. मला औषध बदलता आलं असतं."

तिचा हात थांबला. "ते मला काय ठाऊक? मला वाटलं, जे व्हायचं ते देऊन झालंय. हा म्हणाला, पोलीस येतील, गोठा जाईल. एक जाताना दिसत होता. दुसऱ्यालाही घालवू?"

"मला सांगायचं होतंस."

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस."

"हो."

"मग," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रश्न तिथे सुटला होता.

माझ्या डोक्यात ते आठ महिने फिरत होते. या अंगणात बसून मी पाऊण मात्रेबद्दल बोलत असे, ती माझ्या पाठीवरून हात फिरवत असे, आणि म्हणत असे की पद्मा, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

"मी रोज स्वतःला दोष देत होते," मी म्हणाले. "तुझ्यासमोर."

"तू शिकलेली आहेस," आई म्हणाली. "तुला सोसेल असं वाटलं. त्याला सोसलं नसतं."

मी अहवाल उघडला. उगम: तमदलवाडी येथील गोठा. काळ: सुमारे एकोणीस महिने. पुड्या देणाऱ्याचे वर्णन. तीस गोठ्यांची तपासणी तातडीने व्हावी. शेवटचा रकाना 'ही माहिती पूर्वीपासून असलेल्या व्यक्ती' असा होता. त्यात एक नाव होते. मी त्याखाली दुसरे लिहायला घेतले.

"काय लिहितेस?"

"तुझं नाव."

तिने मान हलवली. मसुरातला एक खडा काढून तिने बाजूला टाकला.

"पूर्ण लिही," ती म्हणाली. "मधे त्यांचं नाव घाल."

चंद्राबाई नेमगोंडा मगदूम, असे मी लिहिले, आणि अकरा वाजून बावीस मिनिटांनी अहवाल पाठवला.